पाणी पोचल्याची हाक

इतिहासाच्या तासाला मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. इतिहास शिकवणारे विचारतात, त्यात कॉम्प्युटर कशाला? कॉम्प्युटरवाले विचारतात, त्यात इतिहास कशाला? माझ्या बायकोचा प्रश्न तिसराच होता. जळगावच्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवत होतो. आडत दुकानांतले निम्मे दिवाणजी माझ्या हाताखालून गेले असतील. ते सोडून मी शाळाशाळांत फिरणाऱ्या एका संस्थेच्या कामाला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "ताळेबंद जुळवणारा माणूस आता मांजर चालवणार का?"

मांजर खरंच असतं. टॅबच्या पडद्यावर मधोमध ते उभं असतं आणि बाजूला रंगीत ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्यावर एक हुकूम: दहा पावलं चाल, वळ, थांब, अमुक बोल, हे पुन्हा कर. मूल बोटानं एक ठोकळा ओढतं आणि दुसऱ्याच्या खाली जोडतं. माळ तयार झाली की हिरवं निशाण दाबायचं. मांजर ती माळ वरून खाली वाचतं आणि सांगितलं असेल तेवढंच करतं. चुकीचं सांगितलं असेल तर तेही तितक्याच मनापासून करतं. टायपिंग लागत नाही, इंग्रजी लागत नाही. मांजराच्या जागी बैल, बाई, इंजिन, काहीही उभं करता येतं.

इतिहास यात का आणला, तर गणितातून शिकवायला गेलं की निम्मा वर्ग आधीच घाबरलेला असतो. गोष्ट मात्र चौथीच्या पोरालाही सांगता येते. आधी काय झालं, मग काय झालं, कशामुळे झालं, आणि तसं झालं नसतं तर काय झालं असतं. प्रोग्रॅमलाही एवढंच लागतं. फक्त लढाया मी टाळतो. लढाई दिली की वर्गभर तलवारी फिरतात आणि शेवटी सगळेच जिंकतात. त्यापेक्षा गावची विहीर, बाजार, रेल्वे, पाट, असले विषय बरे.

माझा एक नियम आहे. पडद्यावर जे दिसेल त्याच्याबद्दल मी विचारणार, "तुला कोणी सांगितलं?" पुस्तकानं सांगितलं असेल तर पान दाखवायचं, माणसानं सांगितलं असेल तर नाव सांगायचं. मनानं घातलेलं असेल तर काढून टाकायचं. माणूस मी हिशेबी. पावती नसलेली नोंद मला चालत नाही.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीजवळच्या एका शाळेत, गावात पहिली आगगाडी येते तो प्रसंग घेतला होता. बहुतेकांची इंजिनं धूर सोडत आली आणि पडद्याबाहेर निघून गेली, कारण थांब म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. एका मुलीची गाडी मात्र येईचना. तिनं 'सिग्नल पडेपर्यंत वाट पाहा' असा ठोकळा लावला होता आणि सिग्नल पाडायला माणूस ठेवला नव्हता. मी म्हटलं, तो ठोकळा काढ, गाडी लगेच येईल. ती म्हणाली, "नाही सर, सिग्नलशिवाय गाडी घेतली तर पप्पांची नोकरी जाईल." तिचे वडील पॉइंट्समन होते. आम्ही मग सिग्नलचा माणूस केला, आणि गाडी रीतसर आली.

जामनेरला एका मुलाचे वडील फाटकाशी थांबवून विचारू लागले, की हे शिकून पोरगा होणार काय? त्यांचं बाजार समितीत आडतीचं दुकान. मी खरं ते सांगितलं, की काय होईल ते मला माहीत नाही, पण काम सांगताना अर्धं सांगून चालत नाही, एवढं त्याला कळेल. ते म्हणाले, "मग मलाच बसवा वर्गात. माझे हमाल रोज हेच म्हणतात."

पण मला सांगायचंय ते धनश्रीबद्दल.

धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या शाळेत मी आठवड्यातून एकदा टॅबची पेटी घेऊन जात असे. नदीवर जुना दगडी बंधारा आहे आणि त्यातून निघालेला पाट गावच्या रानात जातो. पूर्वी त्या पाटावर 'फड' चालत. फड म्हणजे पाटावर भिजणारा रानाचा एक तुकडा, आणि सगळ्या गावानं मिळून केलेली त्याच्या पाण्याची वाटणी. एका फडात एकच पीक, आणि पाणी प्रत्येकानं आपापलं घ्यायचं नाही. गावानं नेमलेला पाटकरी ते वावरावावराला देणार. आता तिथे ज्याची त्याची विहीर आणि ज्याची त्याची मोटर आहे. पाटात वर्षातले बरेच महिने बाभळीच्या शेंगा पडलेल्या असतात. मी चौथीच्या वर्गाला विषय दिला: आपल्या गावचा फड.

"तुला कोणी सांगितलं?" हा प्रश्न येणार हे मुलांना ठाऊक होतं, म्हणून मी आधीच विचारलं, फडाबद्दल कोणाला विचाराल? वर्गानं मागच्या रांगेतल्या एका मुलीकडे बोट केलं. धनश्री. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या, प्रश्न विचारला की आधी खाली बघणारी. तिचे आबा, म्हणजे आजोबा, गावचे शेवटचे पाटकरी होते.

पुढच्या आठवड्यात सगळी मुलं काही ना काही विचारून आली, धनश्री रिकामी आली. म्हणाली, "आबा म्हणतात, आत्ता वेळ नाही. पाणी सोडायला जायचंय." वर्ग हसला. ती हसली नाही.

मधल्या सुट्टीत वर्गाच्या बाईंनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. आबांना आता काही आठवत नाही. म्हणजे कालचं आठवत नाही, जुनं सगळं आठवतं. दिवस मावळायला आला की ते फावडं खांद्यावर टाकून पाटाकडे निघतात. पाटात पाणी नसतं, पण ते त्यांना दिसत नाही. पाणी पोचल्याशिवाय जेवायला येत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा ते पाटात घसरून पडले, रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला दिसले म्हणून बरं. तेव्हापासून धनश्रीचे वडील, ज्ञानेश्वरभाऊ, संध्याकाळी त्यांना खोलीत घेतात आणि बाहेरून कडी लावतात. "वाईट माणूस नाही हो तो," बाई म्हणाल्या. "कडी लावली की स्वतःच ओट्यावर जाऊन बसतो. आत म्हातारा दार वाजवतो, बाहेर हा ऐकत बसतो. ताटाला दोघंही शिवत नाहीत."

त्यानंतरच्या आठवड्यात धनश्रीला फडाबद्दल वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. कोणत्या वावराला आधी पाणी, वावरात पाणी घ्यायचं बारं कुठे फोडायचं, चिखलानं कुठे बुजवायचं, कोणाच्या बांधावर निंबाचं झाड होतं. मी नियमाप्रमाणे विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, "आबांनी. कडी लावली की मी दाराला टेकून बसते. फडाचं विचारलं की ते दार वाजवायचं थांबतात."

तिचा प्रोग्रॅम छान झाला होता. वर बंधारा, खाली उतरत गेलेली पाच वावरं. आबा फावडं घेऊन पाटाच्या तोंडाशी उभे. हिरवं निशाण दाबलं की निळी रेघ एकेका वावरात शिरायची आणि वावर गडद व्हायचं. शेवटचं वावर भिजलं की पुन्हा पहिल्यापासून. मी शाबासकी दिली आणि दुसऱ्या मुलाकडे वळलो, तर तिनं माझी बाही ओढली.

"सर, हे चुकलंय. माझे आबा घरी जात नाहीत."

मी म्हटलं, पाणी तर सगळीकडे पोचलं. ती म्हणाली, "पण त्यांना कुठे कळलं? ते तर वर उभे आहेत."

मग तिनं मला रीत समजावली. पाटकरी वर, पाटाच्या तोंडाशी. शेवटचं वावर लांब, खाली, दिसत नाही. तिथे पाणी पोचलं की त्या वावराचा मालक हाक द्यायचा. ती वरच्या वावरातला ऐकायचा आणि आपण हाक द्यायचा. अशी हाक वावरावावरानं चढत पाटकऱ्यापर्यंत यायची. ती आली की पाटकरी पाट बंद करायचा, फावडं धुवायचा आणि जेवायला घरी जायचा. त्याच्या आधी कधीच नाही. शेवटच्याचं पाणी व्हायच्या आत पाटकरी जेवला, असं कोणी म्हणू नये म्हणून.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये कोणीच हाक देत नाही," ती म्हणाली. "मग ते जेवायला कसे जातील?"

एका पात्रानं दुसऱ्याला कळवायचं असेल तर त्यासाठी वेगळा ठोकळा असतो. आम्ही त्याला 'निरोप पाठव' म्हणतो, आणि दुसऱ्या पात्राला 'निरोप मिळाला की' हा ठोकळा द्यायचा. चौथीला मी तो शिकवत नाही. एका वेळी दोन पात्रांचा विचार करावा लागतो, मुलं गोंधळतात. त्या दिवशी मी खुर्ची ओढून धनश्रीशेजारी बसलो आणि तो शिकवला.

पहिल्यांदा तिनं सगळ्या वावरांना एकच निरोप दिला. झालं काय, की पहिल्याच वावरात पाणी शिरलं आणि पाचही मालक एकदम ओरडले. आबा फावडं घेऊन तरातरा घरी निघाले, पाणी अजून वाटेतच. वर्ग खो खो हसला. धनश्रीही हसली, मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग तिनं एकेकाचा निरोप वेगळा केला. तुझ्या खालच्याची हाक आली की मगच तू हाक दे. दोन आठवडे त्यात गेले, पण शेवटी हाक पायरी पायरीनं वर चढली आणि पडद्यावरचे आबा वळून घराकडे चालू लागले.

आवाज हवेत, हे मुलांनीच काढलं. टॅबवर आवाज भरता येतो. आबांनी दाराआडून ज्या मालकांची नावं सांगितली होती, त्यांची नातवंडं, पतवंडं त्याच वर्गात होती. शेवटचं वावर धाकू नानांचं. नाना वारून बरीच वर्षं झालेली, पण त्यांचा नातू तन्मय दुसऱ्या बाकावर होता. एका जागी कधी न बसणारा तो पोरगा टॅबसमोर ताठ उभा राहिला आणि अहिराणीत ओरडला, "उनं हो, पाणी उनं!" म्हणजे आलं हो, पाणी आलं. वरचं वावर सुपडू आप्पांचं, तिथे त्यांच्या गौरवनं आवाज दिला. वरच्या बाकीच्या दोघांचे आवाज झाले, आणि पाटाला लागून असलेल्या पहिल्या वावराला धनश्रीनं स्वतःचा दिला.

त्यानंतर ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "सर, हे घरी नेता येईल का?"

टॅब शाळेबाहेर नेण्याची मुभा नव्हती. प्रोग्रॅम वडिलांच्या मोबाईलवर टाकता आला असता. पण मी लगेच हो म्हटलं नाही. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही अशा माणसाला खोटं पाणी दाखवून खोलीत बसवायचं, हे मला पटेना. शाळा सुटल्यावर ज्ञानेश्वरभाऊ तिला न्यायला आले, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनाही तीच शंका आली. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "सर, ज्यानं सगळ्या गावाला पाणी पाजलं, त्याला आता मोबाईलवर फसवू का?"

उत्तर धनश्रीनं दिलं. "फसवायचं नाही पप्पा. मी सुरुवातीला लिहिलंय ना, ही जुनी गोष्ट आहे म्हणून. जुनी गोष्ट खोटी थोडीच असते?"

ज्ञानेश्वरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी गेलो. गल्लीच्या वरच्या टोकाला, तीन खोल्यांचं घर. आबा ओट्यावर होते. उंच, काटकुळे, स्वच्छ टोपी. फावडं मांडीवर आडवं. ऊन ओसरलं तसे ते उठू लागले. ज्ञानेश्वरभाऊंचा हात सवयीनं कडीकडे गेला. धनश्रीनं मध्ये बसून मोबाईल आबांसमोर धरला आणि हिरवं निशाण दाबलं.

निळी रेघ निघाली. आबांनी डोळे बारीक केले. रेघ पहिल्या वावरात शिरली तेव्हा त्यांचं बोट आपोआप हललं, चिखल सारावा तसं. दुसरं वावर. तिसरं. धनश्रीची आई दारात येऊन उभी राहिली. पाचवं वावर गडद झालं आणि तन्मयचा आवाज आला, "उनं हो, पाणी उनं!" मग गौरवचा. आबांनी हात कानामागे धरला. हाक चढत वर आली, शेवटी धनश्रीचा आवाज आला, पडद्यावरचे आबा घराकडे वळले आणि चित्र थांबलं.

आबांनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "हाऊ धाकू नही. हाऊ धाकूना नातू शे."

धनश्री म्हणाली, "हो आबा. तन्मय."

"धाकू गया," आबा म्हणाले. इतकं सरळ म्हणाले, की ज्ञानेश्वरभाऊंनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, संपलं. आपण या माणसाला जे विसरला होता तेच आठवून दिलं.

आबांनी नातीकडे पाहिलं. "पन पाणी उनं नं?"

"उनं, आबा."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि सुनेला म्हणाले, "मंग वाढ व माय."

ज्ञानेश्वरभाऊ त्यांच्याशेजारी जेवायला बसले. मलाही ताट वाढलं. भाकरी आणि वांग्याची भाजी. दाराला कडी लावलेली नव्हती आणि आबांनी तिकडे एकदाही बघितलं नाही.

यातून जे झालं ते आहे तेवढंच सांगतो. रोज असं झालं नाही. आठवड्यातले चार-पाच दिवस आबा हाक ऐकून उठायचे आणि जेवायला बसायचे. एखाद्या दिवशी ऐकायचेच नाहीत. मग ज्ञानेश्वरभाऊ त्यांच्याबरोबर पाटापर्यंत चालत जायचे आणि हाताला धरून परत आणायचे. आबा बरे होत नव्हते, होणारही नव्हते. पण कडी पुन्हा लावली नाही, असं बाईंनी मला दर आठवड्याला न विचारता सांगितलं.

दिवाळीनंतर कांद्याच्या लागवडी झाल्या आणि वीज येईल तेव्हा ज्ञानेश्वरभाऊंना पाणी भरायला शेतात जावं लागू लागलं. मोबाईल त्यांच्याबरोबर जायचा. मला काळजी वाटली. संस्थेकडे एक जुना टॅब मागावा म्हणून मी अर्जही लिहून ठेवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा धनश्रीला म्हटलं, काही तरी व्यवस्था करतो. ती म्हणाली, "नको सर. आम्ही करतोय." काय करताय ते सांगेना. म्हणाली, शेवटच्या गाडीनं न जाता थांबा आणि बघा.

मी थांबलो. दिवस मावळतीला आला होता. आबा ओट्यावर, फावडं मांडीवर. धनश्री त्यांच्याजवळ नव्हती, दाराच्या चौकटीत उभी होती. गल्ली तिथून खाली उतरत जाते, अगदी टोकाला तन्मयचं घर. तिथून आवाज आला, लांबून, बारीक: "उनं हो, पाणी उनं!"

मोबाईल नाही, ठोकळे नाहीत. ज्याच्यासाठी मी धनश्रीला निरोपाचे ठोकळे शिकवले, ते पोरांनी पडद्यातून काढून गल्लीत उभं केलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी गरज इतकी नेटकी संपलेली मी पाहिली नव्हती.

आबांनी हात कानामागे धरला. दुसरी हाक यायला हवी होती. ती आली नाही.

दुसरं घर सुपडू आप्पांचं. गौरवचे आई-वडील कामासाठी त्याच दुपारी सुरतला गेले होते आणि गौरवला बरोबर घेऊन गेले होते. दाराला कुलूप होतं. त्याच्या वरच्या घराच्या ओट्यावर एक मुलगी उभी होती. खालची हाक आल्याशिवाय आपण द्यायची नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं. ती तोंड उघडून थांबली होती. आबांनी फावड्याचा दांडा पकडला आणि उठायला लागले.

"सुपडूना वावरले काय झायं?" ते म्हणाले.

मी पुढे झालो, पण धनश्री तोवर गल्ली उतरत धावत सुटली होती, दोन्ही वेण्या पाठीवर आपटत. कुलूप लावलेल्या दारासमोरच्या पायरीवर चढून तिनं घराकडे पाठ केली आणि वर तोंड करून ओरडली. वरच्या मुलीनं लगेच उचललं, तिच्या वरच्यानं उचललं, आणि धनश्री तेवढ्यात चढ चढत परत धावत होती, कारण शेवटची हाक तिचीच होती. ती दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं चौकट धरली, श्वास घेतला आणि आबांपासून दोन हातांवर उभी राहून, ते खूप लांब असल्यासारखी, हाक दिली.

आबांनी ऐकलं. फावडं भिंतीला टेकवलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून, तिला आधी आत घालून, ते तिच्या मागून जेवायला गेले.